आजारी फुलांचे मंडळ

यॉर्कशरमधले वेकफील्ड हे जुन्या लोकरी कापडाच्या बाजाराचे आणि कोळशाच्या खाणींचे शहर. तिथे दर मे महिन्यात एक पुष्पप्रदर्शन भरते. लांबलचक टेबलांवर बिअरच्या तपकिरी बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येक बाटलीत ट्युलिपचे एकच फूल असते. कुठे पांढऱ्या पाकळीवर जांभळ्या रेघा, कुठे पिवळ्यावर तपकिरी ज्वाळा. काही फुले मात्र साधी, एकरंगी असतात. फुलदाण्यांऐवजी बाटल्या का, याचे उत्तर या मंडळींच्या इतिहासात आहे. त्यांचा सगळा कारभार पूर्वी दारूच्या गुत्त्यांतून चाले.

या मंडळाचे नाव ‘वेकफील्ड अँड नॉर्थ ऑफ इंग्लंड ट्युलिप सोसायटी’. स्थापना 1836 ची. आपल्या पुण्यात एम्प्रेस गार्डन सांभाळणारी आणि प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास फुलांचे प्रदर्शन भरवणारी ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ तिच्याहून सहा वर्षांनी थोरली आहे. म्हणजे वयाचे कौतुक आपल्याला नसावे. माझे कुतूहल वेगळ्याच कारणाने जागे झाले. वनस्पतिशास्त्र शिकवताना विषाणूंच्या प्रकरणात मी दरवर्षी ट्युलिपचे उदाहरण देत असे. विषाणूमुळे पाकळीवर नक्षी उमटते, झाड क्षीण होते, असे सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. हा रोग जपण्यासाठी माणसे एकत्र येतात आणि पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ एक मंडळ चालवतात, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हते.

आधी ‘फ्लोरिस्ट’ या शब्दाकडे पाहू. आज आपण तो फुलांच्या दुकानदारासाठी वापरतो. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ होता ठरावीक फुलांतली एखादी जात निर्दोष करण्याच्या मागे लागलेला माणूस. ही फुले हळूहळू आठ ठरली: ऑरिक्युला, पॉलिअँथस, हायसिंथ, अ‍ॅनिमोनी, रॅनन्क्युलस, ट्युलिप, कार्नेशन आणि पिंक. गुलाब या यादीत नाही, याचे मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले होते. या लोकांचे मेळावे म्हणजे ‘फ्लोरिस्ट्स फीस्ट’, फुलांच्या निमित्ताने जेवणावळ. नॉरिचमध्ये 1631 साली अशा मेळाव्यात एक नाटकही झाले होते. यॉर्कचे 1768 चे फ्लोरिस्ट मंडळ अजून चालू आहे.

मेळावा बहुधा गुत्त्यात भरे. जागा मालकाची, जेवण आणि पेयपानाचा धंदाही त्याचाच. फुले आणायची, परीक्षकांनी पाहायची, मग जेवायला बसायचे. बक्षीस म्हणून पुष्कळदा तांब्याची किटली असे. ती आधी काही दिवस गुत्त्याच्या दाराशी टांगून ठेवत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळे की इथे फुलांची चुरस आहे. फूल किमान काही महिने स्पर्धकाच्या ताब्यात असले पाहिजे, असा नियम अनेक मंडळांत होता. आदल्या दिवशी विकत घेतलेले किंवा शेजाऱ्याचे आणलेले फूल मांडण्याचा मोह तेव्हाही होत असणारच, नाहीतर नियम कशाला?

या मंडळांत जमीनदार आणि पाद्री होते, पण उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये खरा भर कारागिरांचा होता. त्यांत विणकर अग्रेसर. हातमागावरचा विणकर घरी काम करी. माग थांबवून दोन मिनिटे अंगणात जावे, ऊन चढले तर कुंडी सावलीत सरकवावी, पाऊस आला तर फुलावर आडोसा धरावा, हे त्याला जमे. पेस्ली गावच्या विणकरांनी पिंक या फुलाच्या पाकळीला गडद रंगाची नाजूक किनार आणली आणि तिथल्या ‘लेस्ड पिंक’चा बोलबाला झाला. पेस्लीच्या शालींवरची नक्षी पाहून विणकरांना फुलांची नक्षी सुचली, अशी एक गोड गोष्ट सांगतात. ही नक्षी म्हणजे आपली कोयरी, काश्मिरी शालींवरून तिकडे गेलेली. त्यामुळे गोष्ट खरी असती तर मलाही आवडले असते. पण पेस्लीत या शाली विणायला लागले ते 1805 च्या सुमारास, आणि किनारीचे पिंक त्याच्या आधीचे. तेव्हा तिथले माग रेशमी आणि तलम कापडाचे होते.

पुढे यंत्रमाग आले. विणकर घरातून गिरणीत गेला, वेळ भोंग्याच्या ताब्यात गेला आणि अंगणही गेले. पेस्लीच्या त्या काळच्या बहुतेक पिंक आज अस्तित्वात नाहीत. कोणी त्या नष्ट केल्या नाहीत. छाट घेऊन पुढे लावणारे हात कमी झाले, इतकेच.

ट्युलिपची गोष्ट आणखी अवघड आहे. बी पेरले तर फूल यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि ते फूल एकरंगी येते. याला ते लोक ‘ब्रीडर’ म्हणतात. मग एखाद्या वर्षी, कधी लवकर तर कधी कित्येक वर्षांनी, त्याच कंदातून येणाऱ्या फुलाचा रंग ‘फुटतो’. वरचा रंग पाकळीवर रेघारेघांनी गोळा होतो आणि मधून खालचा पांढरा किंवा पिवळा रंग दिसू लागतो. रेघा फक्त कडेने असल्या तर ते ‘फेदर’, म्हणजे पीस. कडेबरोबर पाकळीच्या मध्यातूनही वर चढल्या तर ते ‘फ्लेम’, म्हणजे ज्वाळा. ज्या फुलांपायी हॉलंडमध्ये 1637 पर्यंत लोकांनी घरादाराच्या किमती मोजल्या ती हीच. रंग फुटलेला कंद दुबळा होत जातो, हे क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकातच नोंदवले होते. कारण कळायला मात्र 1928 साल उजाडले. जॉन इन्स संस्थेत डोरोथी केली यांनी रंग फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी एकरंगी कंदाला जोडला आणि नक्षी संसर्गाने जाते हे दाखवले. हा संसर्ग विषाणूचा, आणि तो पसरवतो मावा. आपल्या भेंडीवर केवडा पडतो तो दुसऱ्या विषाणूने आणि पांढऱ्या माशीमुळे, पण जात तीच, पानाफुलाच्या रंगात ढवळाढवळ करणारी. भेंडीचे रोगट झाड आपण उपटून टाकतो. वेकफील्डकर त्याला बाटलीत ठेवून बक्षीस देतात.

असे फूल बाजारात टिकत नाही. ट्युलिपच्या कंदाला केळीच्या मुनव्यांसारखी पिल्ले येतात आणि जात पुढे चालते ती त्यांच्यावरच. विषाणू असलेल्या कंदाला पिल्ले थोडी आणि बारकी. शिवाय तो शेजारच्या निरोगी ट्युलिपना आणि लिलींना लागण करू शकतो, म्हणून मोठा उत्पादक त्याला शेताजवळ फिरकू देत नाही. आज दुकानात ‘रेम्ब्रांट’ नावाने मिळणाऱ्या पट्टेदार ट्युलिपची नक्षी साधारणपणे आनुवंशिक असते. ती दरवर्षी जवळजवळ तशीच येते. खऱ्या रंग फुटलेल्या ट्युलिपच्या दोन फुलांची नक्षी सारखी नसते, आणि हौशी माणसाला वेड लागते ते त्यामुळेच.

म्हणजे या फुलाला विक्रेता नाही, आणि बी पेरून ते परत मिळवताही येत नाही. त्याचा तगण्याचा मार्ग एकच: एका माणसाने वर्षभर कंद सांभाळायचा आणि पिल्लू दुसऱ्याला द्यायचे. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे गावरान वाणांचे बी जपतात, 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम मोठेच आहे, पण बी डब्यात काही काळ तरी थांबते. ट्युलिपचा कंद थांबत नाही. जून-जुलैत तो उकरून वाळवायचा, नोव्हेंबरच्या आसपास पुन्हा लावायचा. एक हंगाम चुकला की जात जाऊ शकते. मला याचे जवळचे उदाहरण सापडते ते आपल्या चाळींत आणि सोसायट्यांत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात त्याचे. (ते हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे, अमेरिकेतून आलेले निवडुंगाच्या कुळातले झाड आहे, पण आता ते नाव सुटणे नाही.) कोणी ते विकत आणल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. काकू एक पान देतात, ते मातीत खोचायचे, आणि काही वर्षांनी रात्री फुले उमलली की सगळ्या मजल्यावरच्यांना हाक मारायची. नियम, परीक्षक आणि किटली सोडली तर हे मंडळच आहे.

पण नियम सोडून चालत नाही, हेही वेकफील्डमुळे पटते. तिथला परीक्षक पाहतो तो आकार: फूल अर्ध्या पोकळ चेंडूसारखे हवे, सहाही पाकळ्या सारख्या. वॉरिंग्टनच्या डॉ. हार्डी यांनी एकोणिसाव्या शतकात हा आकार लिहून काढला. पाकळीचा तळ स्वच्छ पांढरा किंवा स्वच्छ पिवळा हवा, त्यावर डाग नको, पुंकेसरांच्या दांड्यांवरही नको. नक्षी महत्त्वाची की तळाची शुद्धता, यावर त्या काळच्या बागकामाच्या मासिकांत कडाक्याची भांडणे झाली आहेत. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटते. पण कुठले पिल्लू ठेवायचे आणि कुठले टाकायचे हे ठरवायला सगळ्यांची नजर एका मापावर यावी लागते. बागकामाचे जे गट नुसते एकमेकांच्या फुलांना ‘वा, छान’ म्हणतात, ते माझ्या मते चार-पाच वर्षांत रोपवाटिकेच्या सहली काढू लागतात. सहलींना माझी ना नाही, मीही जाते. पण तिथून आणलेले रोप मेले तर दुसरे मिळते, त्यासाठी कोणी कोणाला बांधील राहत नाही.

जुन्या फीस्टमध्ये बायकांना जवळजवळ स्थान नव्हते, गुत्ता पुरुषांचा होता. आज तसे नाही. ज्या कारागिरांनी हे छंद चालवले त्यांची कामेही राहिली नाहीत. वेकफील्डचे जुने ट्युलिपवाले बरेचसे जोडे शिवणारे होते. एकेकाळी उत्तर इंग्लंडच्या गावोगावी ट्युलिपची मंडळे होती, राष्ट्रीय पातळीवरचेही एक होते. ती सगळी मिटली आणि इंग्लिश ट्युलिपचे हे एकच उरले.

डर्बीचा टॉम स्टोरर रेल्वेत इंजिन चालवत असे. बाग नव्हती, म्हणून त्याने रुळांच्या कडेच्या बांधावर ट्युलिप लावले. त्यातून आलेल्या एका पिवळ्या तळाच्या जातीला लँकशरमधल्या एका ट्युलिपवेड्या स्नेह्याचे, सॅम बार्लोचे नाव मिळाले. हा बार्लो कापड धुऊन पांढरे करण्याच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. दोघेही एकोणिसाव्या शतकातले. ‘सॅम बार्लो’ अजूनही मे महिन्यात बिअरच्या बाटलीत उभा राहतो, आणि नोव्हेंबरात कोणाच्या तरी वाफ्यात परत मातीखाली जातो.