कमी बजेटमध्ये हॉटेलचं किचन कसं उभारायचं? आधी मेनू, मग मोजपट्टी, शेवटी खरेदी



"सर, किचनचं सामान स्वस्तात कुठे मिळेल?" हॉटेल काढायचं ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याची वेळ चुकते. आधी जागा, मग मेनू, मग मांडणी आणि त्यानंतर सामान. हा क्रम उलटा झाला की दारात येऊन पडलेलं मशीन आत कुठे ठेवायचं, यावर डोकं खाजवत बसावं लागतं. साठवलेले पैसे, घरच्यांकडून घेतलेले पैसे, बँकेचा हप्ता, सगळं त्या मशीनमध्ये अडकलेलं असतं आणि गिऱ्हाईक अजून आलेलंच नसतं.

म्हणून आज एक उदाहरण घेऊन पूर्ण हिशोब करू. समजा, तुम्हाला एखाद्या तालुक्याच्या गावी मिसळ आणि नाश्त्याचं हॉटेल काढायचं आहे. २४ खुर्च्या आहेत. मेनूत मिसळ, वडा, पोहे आणि चहा. किचनसाठी हातात ४ लाख रुपये आहेत.

१. ॲडव्हान्स देण्याआधी गाळ्याला पाच प्रश्न विचारा

किचनचा निम्मा खर्च गाळा ठरवतो. भाडं दोन हजारांनी कमी म्हणून घेतलेला गाळा पुढे प्लंबिंग आणि डक्टमध्ये ते पैसे वसूल करतो.

पहिला प्रश्न, धूर कुठून बाहेर जाणार? वरच्या मजल्यावर कुटुंबं राहत असतील तर डक्ट गच्चीपर्यंत न्यावा लागेल. त्याला मालकाची आणि सोसायटीची लेखी परवानगी आहे का? तोंडी "काही प्रॉब्लेम नाही" चालणार नाही. फोडणीचा पहिला ठसका वरच्या घरात गेला की प्रॉब्लेम सुरू होतो.

दुसरा, पाणी किती वेळ येतं आणि टाकी किती लिटरची बसते? तिसरा, सांडपाण्याला उतार आहे का? मोरीचं पाणी चढावर जात नाही, त्यासाठी सगळी फरशी उचलावी लागते. चौथा, गॅसचे सिलिंडर ठेवायला बाहेर मोकळी, हवेशीर जागा आहे का? पाचवा, विजेचा मंजूर भार किती आहे?

या पाचपैकी दोन उत्तरं "नाही" आली तर दुसरा गाळा बघा. भाडेकरार करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गाळा सोडताना ओटा, टाइल्स, भिंतीतलं प्लंबिंग मालकाकडे राहतं. स्टीलचं टेबल, सिंक, रॅक तुमच्याबरोबर येतं. त्यामुळे भाड्याच्या जागेत ग्रॅनाइटचा लांबलचक ओटा बांधण्यापेक्षा पायांवर उभं राहणारं सामान घेतलेलं बरं.

२. मेनूवरून सामान काढा

आता कागद-पेन घ्या. सगळ्यात गर्दीचा तास कोणता? आपल्या उदाहरणात रविवारी सकाळी ९ ते ११. मिसळ खाणारं गिऱ्हाईक साधारण २५ मिनिटं बसतं असं धरू. म्हणजे एक खुर्ची तासाला दोन-अडीच वेळा रिकामी होते. २४ खुर्च्यांना तासाला जास्तीत जास्त ६० माणसं, दोन तासांत १२०.

सगळ्यांनी मिसळच मागवली असं धरा. रस्सा दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा मागितला जातोच, म्हणून माणशी पाव लिटर कट. १२० गुणिले पाव, म्हणजे ३० लिटर. याचा अर्थ ४०-४५ लिटरचं एक पातेलं आणि त्याच्याखाली एक भट्टी पुरते. १०० लिटरची डेग लागत नाही.

वड्यांचं बघू. कढईत एका घाण्याला १५ वडे बसतात आणि तेल परत तापण्यासकट एका घाण्याला ५ मिनिटं लागतात. तासाला १२ घाणे, म्हणजे १८० वडे. तासाला ६० माणसं येणार असतील तर एक कढई भरपूर झाली. दुकानदार दोन टाक्यांचा इलेक्ट्रिक फ्रायर दाखवेल, तेव्हा हा आकडा खिशात असू द्या.

यातून यादी निघते ती अशी: कटासाठी एक बुटकी भट्टी, आणि कढई, पोहे, चहा यांच्यासाठी तीन बर्नरची एक रेंज. वाटणासाठी एक दणकट मिक्सर. मेनूत डोसा नाही, मग टिल्टिंग ग्राइंडर आज नको. आइस्क्रीम नाही, फ्रोझन माल नाही, मग डीप फ्रीझर आज नको. "पुढे लागेल" या एका वाक्यावर सगळ्यात जास्त पैसे उडतात. पुढे लागेल तेव्हा पुढच्या गल्ल्यातून घ्या. आज फक्त त्याची जागा आणि प्लग पॉइंट सोडून ठेवा.

३. खडूने किचन आखा

सामान घेण्याआधी रिकाम्या गाळ्यात जमिनीवर खडूने खऱ्या मापात सगळं आखा. टेबलांच्या जागी खोकी ठेवा. मग दोघांनी मिळून एक ऑर्डर खोटी-खोटी बनवा: प्लेट घ्या, मटकी घाला, फरसाण घाला, कट ओता, पाव ठेवा, खिडकीवर द्या. किती पावलं पडली ते मोजा. आठ पावलं पडत असतील तर दिवसभरात तुमचा माणूस किती चालेल, याचा विचार करा आणि खडू पुसून परत आखा. हे काम फुकट आहे. बसवलेली भट्टी हलवणं फुकट नाही.

आखताना दिशा अशी ठेवा: माल आत येतो, साठवला जातो, धुतला जातो, चिरला जातो, शिजतो, खिडकीवर जातो. उष्टी भांडी दुसऱ्या बाजूने थेट मोरीकडे जातात. उष्ट्या ताटांची वाट आणि तयार प्लेटची वाट एकमेकांना कापता कामा नये. स्वच्छतेचं हे मूळ आहे आणि गर्दीत धक्काबुक्की टाळण्याचंही.

काही मापं लिहून ठेवा. कामाचं टेबल साधारण ३४ इंच उंच. दोन टेबलांमधली वाट किमान ३ फूट, दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहणार असतील तर ४ फूट. मोठ्या पातेल्याची भट्टी मात्र २० ते २४ इंचांचीच हवी. नाहीतर आचाऱ्याला खांद्याच्या वर हात करून ढवळावं लागतं आणि उकळता कट अंगावर येण्याची भीती राहते.

४. जिथे काटकसर करायची नाही: गॅस, धूर, वीज, पाणी

हा भाग नीट वाचा. इथे वाचवलेला रुपया जीवावर बेतू शकतो.

हॉटेलात १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच वापरायचा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर हॉटेलात वापरणं बेकायदेशीर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात कधीही नको. हवा खेळण्यासाठी जाळी भिंतीच्या खालच्या बाजूलाही हवी. सिलिंडर उभेच ठेवायचे आणि पाइपलाइनचं काम अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायचं. मुख्य कॉक असा बसवा की पेटलेल्या भट्टीला न ओलांडता तो बंद करता येईल.

आणखी एक बारकावा. भट्ट्या जोरात चालू असताना एकाच सिलिंडरमधून खूप गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव किंवा बर्फ धरतो आणि ज्योत मंदावते. आचारी म्हणतो "गॅस संपला", पण आत गॅस असतो. दोन सिलिंडर एकत्र जोडणारा मॅनिफोल्ड घेतला की भार वाटला जातो.

धुराचा हूड भट्टीपेक्षा सगळ्या बाजूंनी किमान ६ इंच बाहेर आलेला असावा. डक्टला वळणं जितकी कमी तितकं चांगलं. प्रत्येक वळणावर हवेचा जोर कमी होतो आणि तेल साचतं. साचलेलं तेल पेट घेतं, म्हणून फिल्टर काढून धुता येईल असाच घ्या.

विजेचा हिशोबही लिहून काढा. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आपल्या उदाहरणात मिक्सर ७५०, ब्लोअर १ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७५०, फ्रिज ४००, दिवे-पंखे ४००, मिळून २,३०० वॅट. गरम पाण्याचा गिझर २,००० वॅटचा लावला की ४,३००. उद्या २ हॉर्सपॉवरचा ग्राइंडर आला तर आणखी १,५००, म्हणजे ५,८००. हा आकडा घेऊन लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडे जा आणि महावितरणकडे भार वाढवायचा का, ते गाळा घेण्याआधीच ठरवा.

मोरीत तीन भांड्यांचं सिंक ठेवा: खरकटं काढून धुणं, विसळणं, निर्जंतुक करणं. त्याच्या पुढे ग्रीस ट्रॅप. मिसळीची तर्री थंड झाली की पाइपात थिजते. ट्रॅपमध्ये तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. त्याची सफाई ठरलेल्या वारी झालीच पाहिजे.

५. जिथे काटकसर करायची: स्टील आणि जुनं सामान

सोपा नियम सांगतो: ज्याला मोटर नाही ते जुनं घ्या. टेबल, सिंक, रॅक, सर्व्हिसची खिडकी, पातेली, परात. बंद पडलेल्या हॉटेलांचं हे सामान चांगल्या अवस्थेत मिळतं. गॅसचे नळ, रबरी पाइप आणि रेग्युलेटर मात्र नवेच, आयएसआय मार्कचे घ्यायचे.

जुना फ्रिज घ्यायचाच असेल तर तो चालू करून काही तास थांबा. आत थर्मामीटर ठेवा. ५ अंशांच्या खाली जातो का बघा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. उरलेला कट गरम असतानाच पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नका. मोठं पातेलं आतून तासन्‌तास कोमट राहतं आणि फ्रिजही तापवतं. तो पसरट ट्रेमध्ये ओतून लवकर गार करा. म्हणून खरेदीच्या यादीत पाच-सहा पसरट ट्रे लिहाच.

नवं स्टील बनवून घेताना दोन शब्द पाठ करा: ग्रेड आणि गेज. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १६ गेज साधारण १.६ मिलिमीटर, १८ गेज साधारण १.२. ग्रेडबाबत अनेकजण लोहचुंबक लावून बघतात आणि "चिकटला नाही, म्हणजे ३०४" असं म्हणतात. हे अर्धसत्य आहे. स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या. आणि सगळीकडे ३०४ लागतही नाही. जिथे मीठ, आंबट आणि पाणी सतत लागतं, म्हणजे सिंक आणि वाढपाचं टेबल, तिथे ३०४. कोरड्या मालाच्या रॅकला २०२ चालून जाईल.

६. चार लाखांची वाटणी

ही नमुन्याची वाटणी आहे. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, म्हणून प्रत्येक कामाची तीन कोटेशन्स घ्या.

- पाणी, ड्रेनेज, वायरिंग: ८० हजार
- हूड, डक्ट, ब्लोअर: ७० हजार
- टेबल, सिंक, रॅक, जुनं-नवं मिळून: ७० हजार
- भट्ट्या आणि गॅसची लाइन: ६० हजार
- फ्रिज, मिक्सर: ६० हजार
- भांडी, सुऱ्या, झारे, ट्रे: २० हजार
- राखीव: ४० हजार

बघा, भिंतीत आणि छताजवळ दिसेनाशा होणाऱ्या कामांवरच १.५ लाख गेले. नवखा माणूस नेमकं हेच धरत नाही, म्हणून त्याचं बजेट फुटतं. आणि हे ४ लाख फक्त किचनचे. तीन महिन्यांचं भाडं आणि पगार वेगळे बाजूला काढा, त्यांना हात लावायचा नाही.

कोटेशन बघताना "जीएसटी धरून की वगळून?" हे विचारा. ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला सामानावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तो तुमचा खर्चच आहे.

कर्ज काढणार असाल तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. बँक कोटेशन आणि पक्कं बिल मागते. जुन्या सामानाचं बिल बहुधा मिळत नाही. त्यामुळे नवं सामान कर्जातून आणि जुनं स्वतःच्या पैशातून, अशी विभागणी आधीच करा. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना, तुमच्या उलाढालीप्रमाणे जे लागू असेल ते, हॉटेल उघडण्याआधी हातात हवं.

या आठवड्याचा गृहपाठ

दुकानात जाऊ नका. तीन कागद तयार करा. पहिल्यावर मेनू आणि गर्दीच्या तासाचा हिशोब. दुसऱ्यावर गाळ्याचे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं. तिसऱ्यावर सामानाची यादी, प्रत्येक वस्तूपुढे "आज", "सहा महिन्यांनी" किंवा "नको" यांपैकी एक शब्द. तिसऱ्या कागदावर "आज" लिहिलेल्या वस्तू जितक्या कमी, तितके जास्त दिवस तुमचं हॉटेल पहिल्या मंदीत तग धरेल.

कागद तयार झाले की मगच मोजपट्टी आणि खडू घेऊन गाळ्यावर जा. शुभेच्छा!