शैलीसुधारणा पॅचचे विभाजन (लिनक्स कर्नल)

शैलीसुधारणा पॅचचे विभाजन ही लिनक्स कर्नलच्या विकासातील एक कार्यपद्धती आहे. कोडची केवळ मांडणी सुधारणारे बदल आणि कोडचे वर्तन बदलणारे बदल या पद्धतीत एकत्र न करता लहान, स्वतंत्र पॅचमध्ये सादर केले जातात. एका पॅचने एकच समस्या सोडवावी, या कर्नलच्या मार्गदर्शिकेतील नियमाचा हा एक भाग होय.

पार्श्वभूमी

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला आहे. त्याच्या लेखनशैलीचे नियम ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, ओळीच्या आरंभीची जागा टॅबने सोडावी, टॅबची रुंदी ८ अक्षरांची मानावी आणि ओळ शक्यतो ८० स्तंभांत बसवावी. या नियमांचा भंग 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट दाखवून देते. अपेक्षित दर्जा न गाठलेल्या ड्रायव्हरांसाठी २००८ साली कर्नलमध्ये 'स्टेजिंग' विभाग निर्माण झाला. अनेक नवोदित विकासक तेथील शैलीसुधारणेपासून कामाला आरंभ करतात.

कारणे

परीक्षकाचे लक्ष मर्यादित असते. समजा, एका पॅचमध्ये २०० ओळींची मांडणी बदलली आणि त्यांतीलच एका ओळीत 'पेक्षा कमी' या चिन्हाऐवजी 'पेक्षा कमी किंवा समान' हे चिन्ह आले. या एका चिन्हामुळे कर्नल ॲरेच्या सीमेबाहेरील स्मृती वाचू शकतो. परंतु मांडणीच्या गर्दीत ते नजरेतून सहज निसटते. याउलट, केवळ मोकळ्या जागा बदलणारा पॅच तपासणे सोपे असते. 'गिट'ला मोकळ्या जागांतील फरक वगळण्यास सांगितल्यावर कोणताही फरक उरत नाही.

दुसरे कारण दोषशोधनाचे आहे. गिटमधील 'बायसेक्ट' ही सुविधा बदलांचा इतिहास दर वेळी निम्मा करत दोष आणणाऱ्या बदलापर्यंत पोहोचते. सुमारे १,००० बदलांमधून दोषी बदल शोधण्यास साधारण १० चाचण्या पुरतात. सापडलेला बदल लहान असेल, तरच या शोधाचा पुरेपूर लाभ होतो. यासाठी मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर कर्नल संकलित होणे व चालणे आवश्यक असते.

विभाजनाची पद्धत

एखाद्या ड्रायव्हरमध्ये चुकीच्या मोकळ्या जागा, न वापरलेले चल आणि त्रुटीसंकेताची राहून गेलेली तपासणी असे तीन दोष असल्यास तीन पॅचची क्रमांकित मालिका केली जाते. त्रुटीसंकेताचा दोष सुधारणारा पॅच सहसा प्रथम ठेवतात, कारण तो स्थिर आवृत्त्यांमध्येही न्यावा लागू शकतो. केवळ शैलीसुधारणा करणारे पॅच त्या आवृत्त्यांत स्वीकारले जात नाहीत. कोड एका फाइलमधून दुसरीत हलवताना त्याच पॅचमध्ये त्यात बदल करू नये, असाही संकेत आहे.

मर्यादा

विभाजन योग्य असले तरी प्रत्येक शैलीसुधारणा इष्ट ठरत नाही. जुन्या, सुस्थित कोडची मांडणी बदलल्यास त्याच ओळींवर काम करणाऱ्या इतरांचे पॅच लागू होत नाहीत आणि एखादी ओळ मूळ कोणत्या कारणाने लिहिली गेली, हे इतिहासात शोधणे कठीण होते. त्यामुळे अनेक देखभालकर्ते स्टेजिंगबाहेर निव्वळ शैलीचे पॅच नाकारतात. अतिविभाजनही त्रासदायक असते. एकाच प्रकारची दुरुस्ती ओळीगणिक वेगळी न करता एकत्र ठेवणे परीक्षकाला अधिक सोयीचे ठरते.