वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी… एक सीट!

पहाटे ५

रात्री पाऊस पडून गेला की जेठातली पहाट थोडी गार होते. अशा दिवशी पहिली फेरी अंबाडी नाक्याकडे न नेता मी अकलोलीला नेतो. आसपासच्या पाड्यांतली म्हातारी माणसं ह्या वेळी कुंडावर येतात. उजाडल्यावर गर्दीत त्यांना बसायला जागा मिळत नाही. रामेश्वराच्या देवळापाशी दगडात बांधलेली कुंडं आहेत. एकमेकांना लागून आहेत, तरी एकातलं पाणी सोसवतं आणि दुसऱ्यात पाऊल टेकवत नाही. म्हातारे आधी ओंजळीनं पावलांवर पाणी घेतात, मग गुडघ्यांवर, मग एकेक पायरी उतरतात. थोडा वेळ बसलं की बाहेर, अंग पुसायचं, पुन्हा आत. कुणी नवखा एकदम उतरायला गेला की चार जण हाकारून त्याला थांबवतात.

देवीनं इंद्राचं वज्र गिळलं आणि इथं राक्षसांचा संहार केला, म्हणून हे पाणी कढत, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या कथेवर माझी श्रद्धा आहे. पण मागे एकदा मुंबईच्या कॉलेजातली मुलं थर्मामीटर आणि बाटल्या घेऊन माझ्या रिक्षात बसली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. इथला मंदागिरी डोंगर हा जुना ज्वालामुखी आणि त्याच्या आगीनं पाणी तापतं, असं मी त्यांना सांगत होतो. त्यांच्या बाईंनी मला थांबवलं नाही, पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, त्याची ऊब कधीच संपली. हे पाणी पावसाचंच. भेगांतून ते फार खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि भेग सापडली की वर येतं. पालघरच्या कोकनेरपासून सातिवली, अकलोली, गणेशपुरी करत थेट राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशी कुंडांची रांग आहे म्हणे. ज्या रस्त्यावर आयुष्य गेलं, त्याच्या खालूनही एक रस्ता जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी ७

अंबाडी नाका. भिवंडी–वाडा रस्त्यावरून आमचा फाटा इथं फुटतो. नंबर लागला की ओरडायला सुरुवात. शुक्रवारी ओरडावंही लागत नाही. भिवंडीचे यंत्रमाग शुक्रवारी बंद, त्यात देवीचा वार. एसटीतून उतरणाऱ्यांत निम्मे मागावरचे कामगार असतात. कुणी तेलंगणाचे, कुणी उत्तर प्रदेशाचे. ही माणसं रिक्षात शेजारी बसूनही मोठ्यानं बोलतात. बारा बारा तास खटखटाटात उभं राहिलं की हळू बोलणं सुटतंच. पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या, टाचा दुखऱ्या. हेच कुंडाच्या पायरीवर बसले की तोंडातून शब्द काढत नाहीत.

आज एक तेलुगू कुटुंब होतं. आजीबाईंना नीट बसता यावं म्हणून मी नातवाला पुढे माझ्याजवळ घेतलं. सुनेला विचारलं, "अक्का, आधी देवी की आधी कुंड?" ती म्हणाली, "आधी कुंड. सासूबाईंना पायऱ्या चढायच्यात ना." मला ते फार पटलं. गुडघे सैल करून घ्यायचे आणि मग देवीला जायचं, हा क्रम कुठल्या फलकावर लिहिलेला नाही. येऊन येऊन माणसांनी तो शोधून काढला.

सकाळी ९

वज्रेश्वरी. नारळ, ओटीचं सामान, हार, बांगड्या, सगळी दुकानं उघडलेली. वर देऊळ आणि त्याला किल्ल्यासारखा तट. नवीन माणूस ५२ पायऱ्या मोजत जातो, पण पायरीवरचं कासव त्याच्या नजरेतून सुटतं. म्हणून सोडताना मी सांगतो, "खाली बघून चढा."

तटाचं कारण वसईत आहे. वसईचा किल्ला हाती येईना तेव्हा चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी वसई सोडली आणि नवस फेडायचा म्हणून सुभेदार शंकर केशव फडके यांनी हे देऊळ उभारलं. देवी मूळची गुंजची. तिथलं ठाणं पोर्तुगीजांनी मोडलं म्हणून ती इकडे आली, असं पुजारी सांगतात. तेव्हा ह्या गावाचं नाव वडवली होतं. म्हणजे गावाला ज्या देवीचं नाव लागलं, ती स्वतःच इथं बाहेरून आली. माझे आजोबा जुन्नरकडून वाड्याच्या गवताच्या वखारीत मजुरीला आले आणि राहिले. लहानपणी शाळेत मला कुणी "घाटावरचा" म्हटलं की राग यायचा. देवीची ही हकिगत कळल्यापासून तो गेला.

पायथ्याशी वसईच्या एक मावशी वाट बघत होत्या. शिरसाड फाट्यावरून येतात, अधूनमधून, गुडघ्यांसाठी. ख्रिस्ती आहेत, घरी कुपारी बोलतात. त्यांची आजी बैलगाडीनं अकलोलीला यायची. मावशी वर देवळात जात नाहीत, पण शेजारणीसाठी देवीचा प्रसाद न चुकता नेतात. दुकानदार त्यांना बघितलं की पुडी आधीच बांधून ठेवतो. मला त्यांनी सुकेळ्यांची जुडी दिली. "पोरांना दे, तू नको खाऊ सगळी." त्यांच्याकडून मी भाडं घेतो, कारण न घेतल्यास त्या पुढच्या वेळी दुसऱ्या रिक्षात बसतील.

सकाळी ११

गणेशपुरीची फेरी. रस्ता दोनेक किलोमीटरचा, पण उतरल्यावर कानावर वेगळीच भाषा पडते. मंगळूरकडची बस लागलेली. तुळू, कानडी, मल्याळी. नित्यानंद बाबा केरळातल्या कान्हनगडकडून आले, १९३६ च्या सुमारास भीमेश्वराच्या देवळाजवळ राहू लागले. तेव्हा इथं रान होतं. ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी देह ठेवला, आणि आजही दक्षिणेतून माणसं घरी आल्यासारखी इथं येतात. बाबा फार कमी बोलत. त्यामुळे त्यांच्या भक्तांना आमची भाषा येत नाही ह्याचं कुणालाच काही वाटत नाही. त्यांचे शिष्य मुक्तानंद पुढं अमेरिका, युरोपला जाऊन आले, तेव्हापासून परदेशी माणसंही नवलाची राहिली नाहीत. भाजीवाल्या बाया त्यांच्याशी मराठीतच घासाघीस करतात आणि व्यवहार होतो.

आज बसलेल्या बाई तुर्कस्तानच्या निघाल्या. हिंदी थोडं येत होतं. देनिझलीजवळ माहेर. फोनवर फोटो दाखवला: पांढराशुभ्र डोंगर, त्याच्या पायऱ्यापायऱ्यांत निळं पाणी. पामुक्कले. वर जुन्या रोमी शहराचे अवशेष आहेत आणि जगभरातून माणसं बघायला येतात. तिथलं पाणीही जमिनीतून गरमच येतं, वाहताना चुना मागे ठेवत जातं आणि त्याच्या पायऱ्या बनतात. "त्यावर चालायचं तर बूट काढावे लागतात," त्या म्हणाल्या आणि समाधी मंदिराबाहेर काढलेल्या चपलांच्या ढिगाकडे बोट केलं. मी विचारलं, तिथं देव कुठला? देव नाही, दगड झिजू नये म्हणून. थोडं थांबून त्यांनीच म्हटलं, "हेही एक कारण चांगलं आहे." मला ते अजून आठवतंय. आमच्या कुंडांत साबण लावू नका, कपडे धुऊ नका, असं सांगून लोक ऐकत नाहीत. पाणी देवीचं आहे, एवढं म्हणून भागत नाही. त्याला जपायला हवं, हेही सांगितलं पाहिजे. परतीच्या प्रत्येक फेरीत मी आज ते सांगितलं.

दुपारी १

घरी जेवायला. वाटेत पाटी घेतलेली वारली आजी भेटली, तिला बसवलं. पाटीत शेवळं. पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस ही भाजी मिळते. जमिनीतून वर आलेले कोंब, जांभळट, आत पिवळट दांडा. घशाला खाजते, म्हणून तिच्यासोबत काकडं घालावी लागतात. आंबट हिरवी फळं असतात. देवळापाशी आजी बसली की गाडीतून उतरलेली माणसं फक्त शेवळं मागतात. ती देत नाही. "काकडं घेतल्याशिवाय नाय." गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. घरी जाऊन त्यांचा घसा खाजला तर नाव रानाचं खराब होईल, असं तिचं म्हणणं. मी आजवर पाहिलेल्या दुकानदारांत हिच्याइतकी चोख कुणी नाही.

भाड्याबद्दल तिनं एक वाटा दिला. काकडं मोजून. बायकोनं आत वाल घातले, नारळाचं दूध घातलं, सोबत तांदळाची भाकरी. अशी भाजी पानात असली की दुपारची झोप मी सोडून देतो, सावकाश जेवतो.

दुपारी ४

नदीच्या पुलावर फोटो काढायला एक स्पेशल भाडं थांबलं. चौघं मुलुंडचे. ह्या दिवसांत तानसा अजून भरलेली नसते, खडक उघडे असतात. मी त्यांना खाली नेलं आणि काठच्या वाळूत हात घालायला सांगितलं. वरून गार पाणी वाहतं, खाली बोटं पोळतात. पात्रातही झरे आहेत. जुलैत पूर आला की दिसेनासे होतात. मग त्यांना वरच्या बाजूचं धरण सांगितलं. तानसा तलाव १८९२ चा, मुंबईला पाणी देणारा. "तुमच्या नळाला येतं त्यातलं काही ह्याच नदीचं," म्हटल्यावर त्यातली मुलगी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं खडकावर पडलेल्या चिप्सच्या पिशव्या गोळा केल्या. दुसऱ्यांनी टाकलेल्या. मीही तिच्याबरोबर वाकलो. रिक्षाच्या मागे पोतं असतंच.

संध्याकाळी ७

परतीची गर्दी. ही फेऱ्यांवर फेऱ्या मारायची वेळ, सांगण्यासारखं काही नाही. सकाळची तेलुगू आजी भेटली. देवी झाली होती, हातात खण-नारळ. "गुडघा?" मी खुणेनं विचारलं. तिनं पाय उचलून दाखवला आणि नातू हसला.

रात्री ९

अंबाडी नाक्यावरची शेवटची एसटी गेली. गाडी वळवणार तेवढ्यात एक जोडपं पुढे आलं. नांदेडकडचं, बाईच्या कडेवर झोपलेलं मूल, दोन गोण्या, एक स्टोव्ह. वज्रेश्वरीत कुणा लॉजवर कामाला बोलावलंय, पण बोलावणाऱ्याचा फोन लागत नाही. खोली मिळेल का, भाडं किती, पावसात गळते का, शाळा जवळ आहे का, एकामागून एक प्रश्न.

"शाळा आहे. आधी बसा, ताई," म्हटलं. ओळखीच्या लॉजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आजच्या रात्रीपुरती मागची खोली मोकळी आहे, उद्या सकाळी बोलू. गोण्या मागे ठेवल्या, स्टोव्ह त्यानं मांडीवर घेतला. मुलाचं नाव विचारलं. फाट्यावरून वळताना बाईनं विचारलं, "इथलं पाणी खरंच गरम असतं का हो?" मी सांगितलं, उद्या पहाटे पाचला अकलोलीला जाणार आहे. मुलाला घेऊन या, पण आधी नुसते पाय भिजवा.