माजी सैनिकाचे दुखणे आणि श्वासाचा आधार



फौजेतून पेन्शनवर आलेली माणसे आपल्या जळगाव-धुळ्याच्या गावागावांत आहेत. पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढली, मग गावी येऊन ऊस लावला. गडी ताठ दिसतो. पण रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला वाकला की कमरेतून कळ निघते. कोणाचा गुडघा झिजलेला, तर कोणाची जुनी जखम थंडीत ठणकते. फौजी माणूस बोलून दाखवत नाही. गोळी गिळतो, नाहीतर संध्याकाळी बाटली जवळ करतो. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. पुष्कळदा जखम भरते, पण मज्जातंतू आणि मेंदू शांत होत नाहीत. त्यात ‘आता कंबर जाणार’ ही धास्ती मिळाली की स्नायू आवळतात, झोप उडते, कळ वाढते. कळ आपल्या हाती नसेल, पण धास्ती बरीचशी कमी करता येते. श्वास आणि शरीर सावधपणे पाहण्याचा अभ्यास इथेच उपयोगी पडतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. अर्धशिशीने बेजार झालेले सत्यनारायण गोयंका १९५५ साली ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नुसती डोकेदुखी घालवायला येऊ नका, असे गुरूंनी बजावले होते. पुढे १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाले. धुळ्याजवळ तिखी येथेही विपश्यना केंद्र आहे. शिबिर दहा दिवसांचे; फी नाही. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांना घेऊन असा वर्ग सुरू केला. पुढे तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतही तो पोहोचला. दुखणे नाहीसे होते असे नव्हे. कित्येकांना ते सोसणे हलके जाते, इतकेच.

घरी करायचे तर असे करा. उताणे पडा किंवा खुर्चीवर बसा. पाच मिनिटे श्वास येतो-जातो तेवढा पाहा. मग पायापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष न्या. कळ आली तर दात आवळू नका. ती कुठे आहे, वाढते की ओसरते, ते बघा. असह्य झाले तर खुशाल कूस बदला. इथे परेड नाही!

मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवा. पायात बळ उरले नाही, लघवी अडली किंवा ताप आला, तर आधी डॉक्टर. चालू औषध मनाने बंद करू नये. तशाच वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे मनाने घेऊही नयेत, मूत्रपिंड व जठर बिघडते. लढाईच्या आठवणींनी रात्री दचकून उठणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब शिबिराला बसू नये. शांत बसल्यावर त्या आठवणी उसळू शकतात. अशांसाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची फोनसेवा आहे. औषधोपचाराला माजी सैनिकांची ईसीएचएस योजना आहे. अडल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी.

घरच्यांनाही आमचे सांगणे आहे. ‘फौजी असून कण्हतो’ असे म्हणू नका. सकाळची पंधरा मिनिटे त्याला निवांत द्या. उसाची पाळी तेवढी थांबेल.