पहिली ट्रायल्स बाईक कशी निवडावी?

आजचा विषय आपल्याकडे फारसा परिचित नाही. म्हणून आधी ट्रायल्स म्हणजे काय ते पाहू आणि मग पहिली गाडी कशी घ्यायची याकडे वळू. दाखले बहुतेक ब्रिटन आणि स्पेनमधले येतील, कारण हा खेळ तिथे वाढला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणाला हौस असेल तर त्यांना याचा थेट उपयोग होईल. बाकीच्यांना यंत्राकडे पाहण्याची एक वेगळी नजर मिळेल.

ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ आहे, पण शर्यत नाही. ओढ्यातले दगड, चिखलाचा चढ, झाडांच्या मुळ्यांचा उतार अशा जागी फिती लावून एक छोटा मार्ग आखतात. त्याला सेक्शन म्हणतात. पाय जमिनीला न लावता तो पार करायचा. पाय एकदा टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तर ३. गाडी पडली किंवा आखलेल्या मार्गाबाहेर गेली तर ५. हे गुण दंडाचे असतात, त्यामुळे ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. वेग बराच वेळ चालणाऱ्या माणसाइतकाच असतो.

आता या खेळाची गाडी कशी दिसते? पहिल्यांदा पाहणारा विचारतो, सीट कुठे गेली? सीट नसतेच, कारण चालवणारा सतत उभा असतो आणि तोल सांभाळायला त्याला खाली-वर, मागे-पुढे मोकळी जागा लागते. टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची. हँडल दोन्ही बाजूंना खूप वळतं. वजन साधारण ६५ ते ७५ किलो. आपल्या रोजच्या १०० सीसी गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास असतं, त्यावरून कल्पना करा.

हे हलकेपण कुठून आलं, त्याचा इतिहास छोटा पण बोलका आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनमध्ये जड, मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांचा दबदबा होता. सॅमी मिलर हा त्या काळातला अव्वल स्वार ५०० सीसी वर्गातली एरियल चालवायचा. १९६४ मध्ये तो स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला आणि त्यांच्या शेर्पा या गाडीच्या घडणीत त्याने हात घातला. ही टू-स्ट्रोक गाडी २५० सीसी वर्गातली, म्हणजे इंजिन जवळपास निम्मं. १९६५ मध्ये त्याच गाडीवर त्याने स्कॉटलंडची प्रतिष्ठेची सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. त्यानंतर जड गाड्यांचे दिवस भरत आले.

हे आत्ता सांगण्याचं कारण म्हणजे नवशिक्याचा पहिला प्रश्न आजही तोच असतो: किती सीसीची घेऊ? टोनी बोऊसारखा स्वार २००७ पासून वर्षानुवर्षे जागतिक विजेतेपद मिळवतो, माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या खडकावर गाडी चढवतो. ते पाहून वाटतं, आपणही मोठीच घ्यावी, म्हणजे पुढे बदलावी लागणार नाही. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिली गाडी अशी हवी, की आपली चूक तिच्यावर सावकाश घडेल आणि सावरायला वेळ मिळेल.

हे थोडं उलगडून पाहू. गाडी अचानक पुढे उसळली की आपलं शरीर मागे जातं. हात तर मुठीला धरलेले असतात. त्यामुळे मनगट आपोआप मागे वळतं आणि रेस आणखी वाढते. गाडी अजून जोरात उसळते, शरीर अजून मागे जातं. हे सगळं क्षणात होतं. ३०० सीसीच्या गाडीवर या चक्रातून बाहेर पडायला नवख्याला वेळच मिळत नाही. मग मनगट मोडतं, किंवा मनात भीती बसते. भीती बसलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत गाडी विकून मोकळा होतो.

मग १२५ घ्यावी का? मुलं आणि हलक्या अंगाची माणसं यांच्यासाठी ती चांगली. पण १२५ ला खालच्या फेऱ्यांवर दम कमी असतो. जड माणसाला चढावर ती सारखी पिळावी लागते आणि क्लचशी झगडावं लागतं. तेव्हा ७५-८० किलोच्या प्रौढाने २०० किंवा मवाळ स्वभावाची २५० पाहावी. स्वभाव हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय, कारण नुसत्या सीसीवरून सगळं कळत नाही. इटलीच्या बेटा कंपनीने ३०० सीसीचीच एक जास्त मवाळ आवृत्तीही काढलेली आहे.

हाती आलेली गाडी तापट निघाली तरी तिला शांत करता येतं. फ्लायव्हीलला जादा वजन लावलं की इंजिन फेऱ्या सावकाश पकडतं आणि सहज बंदही पडत नाही. सावकाश उघडणारी मूठ बसवता येते. अनेक नव्या गाड्यांवर एक बटण असतं, ते ओल्या जमिनीच्या बाजूला ठेवलं की ताकद मवाळ होते.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? बहुतेक ट्रायल्स गाड्या टू-स्ट्रोकच आहेत: हलक्या, दुरुस्तीला सोप्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. जुनी बजाज स्कूटर वापरलेल्यांना ते सांगायला नको. फोर-स्ट्रोकमध्ये होंडाच्या मालकीच्या माँटेसाचं नाव मोठं. तिची पकड चांगली, पण रेस सोडली की इंजिनच गाडी जास्त आवळतं. उतारावर ते काहींना आवडतं, काहींना नाही. दोन्ही चालवून पाहा.

लहान मुलांसाठी विजेवरच्या छोट्या गाड्या उत्तम. ओसेट कंपनीच्या गाड्यांवर वेग आणि ताकद आईवडिलांना कमी-जास्त करता येते. किक नाही, आवाज नाही, त्यामुळे शेजारीही खूश.

काहींना १९७०-८०च्या काळातल्या जुन्या गाड्यांचा मोह होतो. दिसायला देखण्या, सीटही असते. पण वजन जास्त, ब्रेक ड्रमचे आणि कमजोर. हौसेला जरूर घ्या, शिकायला मात्र डिस्क ब्रेकची गाडी बरी.

पहिली गाडी बहुधा सेकंडहँडच घेतली जाते, आणि ती तशीच घ्यावी, कारण ती पडणारच आहे. पाहताना काय पाहायचं? इंजिनाखालच्या पत्र्यावर पोचे असतील तर घाबरू नका, तो त्यासाठीच असतो. पण पाय ठेवायच्या खुंट्यांजवळ सांगाड्याला तडे नाहीत ना, हे बोट फिरवून बघा. गाडी घोडीवर किंवा खोक्यावर ठेवून मागचं चाक वर उचला. खटखट जाणवली तर बेअरिंग गेलेत, म्हणजे खर्च. इंजिन गरम झाल्यावर गिअर टाका आणि क्लच पूर्ण दाबून धरा. तरीही गाडी पुढे सरकत असेल तर क्लचचं काम आहे. आणि शेवटी गाडी जागेवर चालू ठेवून पंखा सुरू होण्याची वाट बघा. एवढ्या कमी वेगात रेडिएटरला वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते. यातल्या अनेक गाड्यांची रस्त्यासाठी नोंदणी नसते, त्यामुळे सांगाड्यावरचा क्रमांक खरवडलेला नाही ना तेही तपासा. चोरीचा माल असाच फिरतो.

सगळे पैसे गाडीत घालू नका. घोटा सांभाळणारे बूट, हेल्मेट आणि मनगटाला बांधायची दोरी यांच्यासाठी राखून ठेवा. आपण पडलो की ती दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. मघाच्या त्या चक्रावर हा सगळ्यांत स्वस्त उपाय. टायरमधली हवा पाहायला कमी दाब दाखवणारा गेजही लागेल. मागच्या टायरमध्ये जेमतेम ४-५ पीएसआय, पुढच्यात किंचित जास्त हवा ठेवतात, म्हणजे रबर दगडाला बिलगतं. पेट्रोल पंपावरच्या गेजवर एवढा कमी आकडा नीट कळतच नाही.

शेवटची सूचना बिनपैशाची आहे. खरेदीआधी एखाद्या स्थानिक क्लबच्या स्पर्धेला जा आणि सेक्शनवर गुण लिहायला उभे राहा. तिथे मदतीला माणसं नेहमी कमीच पडतात, त्यामुळे आनंदाने घेतील. दिवसभर एकाच खडकापाशी उभं राहिलं, की कोणती गाडी नवख्याला सांभाळून घेते आणि कोणती त्याला फेकून देते, हे डोळ्यांनी दिसतं. संध्याकाळी कोणीतरी म्हणेलही, 'घ्या, माझी एक चक्कर मारून बघा.' ती चक्कर मारा, आणि मगच पैसे काढा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.