दीर्घकालीन शुश्रूषा कक्ष आणि परिचर्या साहाय्यक

आपल्या रुग्णालयाच्या दीर्घकालीन शुश्रूषा कक्षास भेट देणारे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न नेहमी विचारतात : "डॉक्टर येथे दिवसातून एकदाच फेरी मारतात, मग उरलेला वेळ रुग्णाकडे पाहते कोण?" प्रश्न रास्त आहे. परिचारिका चोवीस तास असतात. परंतु रुग्णाच्या अंगाला ज्यांचे हात सर्वाधिक वेळ लागतात, ते परिचर्या साहाय्यकांचे. वेतनपत्रकावर त्यांचे पदनाम काहीही असो, रुग्ण त्यांना मावशी किंवा मामा म्हणतात.

या कक्षात पक्षाघाताचे, खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले व मणक्याच्या दुखापतीचे रुग्ण असतात. शस्त्रक्रिया वा तातडीचे उपचार संपलेले असतात. येथून पुढे रुग्ण कसा राहील, हे औषधाइतकेच स्नान, आहार, कूस बदलणे आणि स्वच्छता यांवर ठरते.

कूस बदलण्याचेच उदाहरण घेऊ. स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाच्या माकडहाडावर, खुब्यांवर व टाचांवर शरीराचा भार एकसारखा राहिला, की तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि कातडी आतून मरू लागते. हेच शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर. प्रारंभी केवळ एक लालसर डाग दिसतो, जो बोटाने दाबला तरी फिका होत नाही. आपल्याकडील सावळ्या वर्णावर तो डाग डोळ्यांना दिसतोच असे नाही. तो भाग हाताला उष्ण किंवा कठीण लागतो. म्हणून अंग पुसताना सराईत साहाय्यिका कातडी पाहते आणि चाचपतेही. पूर्वी अशा जागी स्पिरिट व पावडर चोळण्याची पद्धत सर्वत्र होती. लाल झालेला भाग चोळल्याने इजा वाढते, हे आता माहीत झाले आहे. तरीही काही कुटुंबीय प्रेमापोटी चोळतात. कृपया चोळू नये. हवेच्या गादीने धोका कमी होतो, पण गादी असली म्हणजे कूस बदलावयास नको, असे नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला हे सारे उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका अन्य संस्थेत लेखा विभागात असताना काटकसरीच्या यादीत रात्रपाळीच्या एका साहाय्यकाचे पद मीच सुचविले होते. रात्री रुग्ण झोपलेले असतात, मग दोघे कशाला, असा माझा तर्क होता. दोन महिन्यांच्या आत एका आजींच्या माकडहाडावर हाडापर्यंत जखम गेली. मेट्रनबाईंनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवून हिशेब मांडावयास सांगितले. बारा रुग्ण, दर दोन तासांनी कूस, रात्री आठ ते सकाळी आठ : म्हणजे बहात्तर वेळा. दर वेळी सहा मिनिटे धरली तरी सात तास बारा मिनिटे. आणि हे काम दोघांचे आहे, कारण एकट्याने ओढून वळविल्यास चादरीच्या घर्षणानेच कातडी सोलवटते. ते पद पुन्हा भरले गेले. आजींना त्याचा उपयोग झाला नाही.

भरविण्याचे कामही असेच वरवर सोपे दिसते. पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया मंदावते व अन्न वा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून रुग्णाला ताठ बसवून, लहान चमच्याने, आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा लागतो. एका वाटीला अर्धा तास लागतो. नाकातील नळीने आहार दिला जात असल्यास डोक्याकडची बाजू उंच ठेवावी लागते व आहारानंतरही काही वेळ ती तशीच राहू द्यावी लागते. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, रुग्णाला हलविताना ती पलंगावर ठेवू नये, हेही साहाय्यकच सांभाळतो. दिवसभरात पोटात किती गेले व बाहेर किती पडले, याचा तक्ता असतो. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत जमाखर्चच, आणि तो आमच्यापेक्षा अधिक चोख ठेवावा लागतो.

या सर्वांहून मोलाची गोष्ट कोणत्याही तक्त्यात नसते. "आजोबा आज निराळे वाटतात," असे एखादी मावशी सिस्टरांना सांगते. वृद्धांमध्ये संसर्ग झाला तरी ताप येतोच असे नाही; अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती हेच पहिले लक्षण असू शकते. रोज तेच अंग पुसणाऱ्या व्यक्तीला हा फरक सर्वांआधी जाणवतो. तिचे म्हणणे ऐकून घेतले जाईल, अशी व्यवस्था ठेवणे हे आमचे काम.

साहाय्यकांच्या कामाला मर्यादाही आहेत. इंजेक्शन देणे, औषधे देणे, नळी घालणे वा काढणे ही कामे नोंदणीकृत परिचारिकेची. "मावशी, तेवढी गोळी देऊन टाका" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. नकार मिळाल्यास तो उद्धटपणा नव्हे. (बक्षिसीही देऊ नये, ही विनंती दरवर्षी करतो आणि दरवर्षी करावी लागते.)

आता खर्चाविषयी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. त्यात स्नान, कपडे घालणे, हालचाल अशा दैनंदिन गोष्टींसाठी लागणारी शुश्रूषा अपवाद म्हणून नमूद आहे. परिणामी मेडिक्लेम असलेल्या कुटुंबासही या कक्षाचा खर्च बहुधा स्वतःच सोसावा लागतो. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी असतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. त्या निधीतून एखाद्या शस्त्रक्रियेचा भार हलका होतो. महिनोन्महिने राहणाऱ्या रुग्णाच्या शुश्रूषेला तो पुरत नाही. यंत्रसामग्रीसाठी देणगी मिळते, कारण यंत्रावर पाटी लावता येते. रात्रपाळीच्या वेतनावर पाटी लावता येत नाही. विश्वस्त मंडळाने व देणगीदारांनी या पदांसाठी वेगळा कायम निधी उभारण्याचा विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

रुग्णास घरी नेण्यापूर्वी किमान तीन दिवस कुटुंबातील एका व्यक्तीने कक्षात थांबून कूस बदलणे, भरविणे व अंग पुसणे शिकून घ्यावे. सकाळच्या स्नानाची वेळ यासाठी सर्वांत सोयीची. त्याकरिता कोणतेही शुल्क नाही; आदल्या दिवशी कक्षाच्या प्रभारी परिचारिकांना सांगावे, म्हणजे त्या मावशींना किंवा मामांना तुमच्यासाठी वेळ काढून ठेवता येईल.

— प्रशासकीय अधिकारी