लोकमताची मोजदाद

जिंतूर-सेलूकडे एखाद्या घराच्या दारांत पाहणीदार उभा राहिला कीं त्यास उत्तर कोण देतो? बहुधा कर्ता पुरुष. चहा कोणता, साबण कोणता, मत कोणास, सारें तोच सांगतो आणि बारा माणसांचें कुटुंब कागदावर एकमताचें होऊन जातें. आंतल्या सुनेचें मत निराळें असेल, तर तें टिपावें कोणीं?

परभणी लोकसभा मतदारसंघांत २६ एप्रिल २०२४ रोजीं मतदान झालें. १ जूनला मतदानोत्तर चांचण्या प्रसिद्ध झाल्या. बहुतेकांनीं देशांत सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेंहून अधिक जागा दिल्या होत्या. ४ जूनला मिळाल्या २९३. परभणींत संजय जाधव यांनीं महादेव जानकर यांचा १,३४,०६१ मतांनीं पराभव केला. अनोळखी माणसास मनांतलें सांगण्याची आपल्या लोकांस हौस नाहीं, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकतें असें मला वाटत नाहीं.

नुसत्या संख्येनेंही भागत नाहीं. १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानें सुमारें २४ लक्ष उत्तरें मिळवून लँडन यांचा जय वर्तविला. रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं. पत्ते मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांचे होते!

जाणते पाहणीदार घरांतील प्रौढांची यादी करून चिठ्ठी काढावी तसा एक निवडतात, आणि तो शेतावर गेला असल्यास पुन्हां येतात. हें खर्चाचें काम आहे. म्हणून घाईचे लोक दार उघडील त्यासच विचारून पुढें जातात.